जाळीवरचे हार

वाळलेल्या झेंडूचा वास आला की मला बेल्ह्याचा रस्ता आठवतो. वडिलांना साप चावला होता आणि दवाखान्याकडे निघालेली आमची जुनी मोटार सारखी तापून बंद पडत होती. मागच्या सीटवर वडिलांचे डोळे मिटायला लागले होते. बैलबाजारातून मोटारसायकलवर परतणारा एक व्यापारी थांबला. त्यानं बॉनेट उघडून पाणी बघितलं, पंख्याचा पट्टा बघितला, मग पुढं वाकून ओरडला, "राव, हिला हवा कुठनं मिळणार?" दसऱ्याला मी मोटारीच्या पुढच्या, इंजिनाला हवा देणाऱ्या जाळीवर गच्च बांधलेले तीन हार देवाचे म्हणून कुणी काढलेच नव्हते. मी ते ओरबाडले, बोटं भाजली. तेवढ्यात मागून क्षीण आवाज आला, "पायाखाली टाकू नको रे." वडील शुद्धीवर होते! मोटार मग दवाखान्यापर्यंत कुठंच बंद पडली नाही आणि वडील वाचले. आता दसऱ्याचा हार मी जाळीवर बांधत नाही. वडील शेवटपर्यंत बसायचे त्या मागच्या सीटवर ठेवतो.