विम्याच्या पोस्टरमागची पाटी

आज शहरातल्या छावणी भागातल्या एका बँकेत मी आवाज चढवला, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाय.

माझे बापू करमाडला मेंढरं वळतात. पैसे पटक्यात गुंडाळून डोक्यावर ठेवायची त्यांची जुनी सवय. घामानं नोटा विरल्या, दोन फाटल्या. त्या बदलायला गेलो, तर कॅशियर म्हणाला, "तुमचं खातं इथं नाय, बदलून मिळणार नाय."

बापू मागं फिरले. भिंतीवरच्या विम्याच्या पोस्टरखालून कसली तरी कड डोकावत होती, म्हणून मी ते उचललं. मागं पाटी निघाली. नोटेवर ज्या गव्हर्नरची सही असते, त्याच्याच बँकेचा नियम: खातं नसलं तरी फाटक्या नोटा बदलून द्याव्यात. मी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला.

नोटा मिळाल्या. बाहेर बापू म्हणाले, "झाकायचीच व्हती, तर लावली कुणासाठी?"

तुमच्या बँकेतली पाटी कशामागं आहे? उद्या उचलून बघा.