गप्पी माशांची बाटली

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे टाक्यातले गप्पी मासे चहाच्या गाळणीनं धरून बाटलीत भरले. हे मासे डासांच्या अळ्या खातात. शेजारच्या वहिनीनं नवं टाकं बांधलं होतं, तिच्यासाठी ते होते. अंधार पडला, म्हणून म्या म्हटलं, "सकाळी नेतो."

बायको म्हणाली, "नक्की न्या. तुमी विसरसान, तुमचं काही खरं नाही."

ती आमच्या गावची आशाताई होती, घरोघरी जाऊन तापाचं पाहे. मागं हिवतापाचं काम पाहाले आफ्रिकेतले पाहुणे अंजनगावचा दवाखाना पाहून आमच्याकडे आले. त्यातल्या एका बाईच्या गावात लेकरं या तापानं मरत होती. बायकोनं तिच्या हाती गाळणी दिली अन् मासे धरणं शिकवलं. त्या बाईनं आमच्या खाटेवर मच्छरदानी कशी घट्ट खोचायची ते दाखवलं. मी चहा करून राहिलो होतो, पण दोघी गाळणी देईनात. पाहुण्यांनी चहा पत्तीसकट पेला. आमच्या घरची गाळणी दुनियेच्या कामी आली, हे मी आजही छाती काढून सांगतो.

मासे भरले त्याच रात्री ती झोपेतच गेली. सकाळी अंगणात माणसं जमली. म्या बाटली उचलली, तर मोठा भाऊ म्हणाला, "सुतकाच्या घरातून काही देत नाही बाप्पा. तेरवी होऊ दे."

म्या म्हटलं, "डास काय सुतक पाळून राहिले?"

शेजारच्या वहिनीनं डोळे पुसले अन् घरी जाऊन आपल्या नव्या टाक्याचं झाकण उघडलं. म्या मासे सोडले.