करकोच्याची चोच

माझी मावशी रोपवाटिकेत कामाला होती. नाक लांब, मान त्याहून लांब, म्हणून तिथले सगळे तिला करकोचा म्हणायचे. स्वतःची तोंडं आरशात बघायला कुणाला सवड नव्हती!

एकदा बागकामाच्या पुस्तकात मावशीनं वाचलं, की जिरॅनियम या फुलझाडाचं नाव करकोच्याच्या ग्रीक नावावरून पडलंय. पाकळ्या गळल्यावर दांड्याच्या टोकाला जी लांबुडकी शेंग उरते, ती हुबेहूब त्या पक्ष्याच्या चोचीसारखी दिसते. झालं! त्या दिवसापासून ती जिरॅनियमच्या प्रत्येक कुंडीत एक सुकलेला दांडा मुद्दाम ठेवायला लागली.

मालक भडकले. "हा कचरा कापा आधी! गिऱ्हाइकं नाकं मुरडतात."

"मुरडू देत. पाकळ्या काय, सगळ्याच फुलांना असतात. जुन्या ग्रीकांनी या झाडाला ओळखलं ते चोचीवरून. मी नाही कापणार."

"मग काम सोडा."

"सोडते. ही घ्या कात्री, तुम्हीच कापा."

मालकांनी कात्रीकडे पाहिलं, भिंतीपर्यंत गेलेल्या कुंड्यांच्या रांगेकडे पाहिलं आणि कात्री परत केली. चोची राहिल्या. मावशीही राहिली.

माझ्या लग्नात फोटोग्राफर तिला म्हणाला, "मावशी, सरळ समोर बघा, म्हणजे नाक एवढं दिसणार नाही."

तो फोटो माझ्या भिंतीवर आहे. त्यात आम्ही सगळे समोर बघतोय. मावशी तेवढी, मान ताठ करून, पूर्ण बाजूला वळली आहे.