कोको बटरला कांद्याचा वास

कोको बटरची बरणी उघडली की मी अजूनही आधी वास घेते. चाकणला भाड्याच्या खोलीत चॉकलेटं करायला लागले, त्या उन्हाळ्यात एका बरणीतून कांद्याचा वास आला. मुदत संपायला वर्ष होतं, म्हणजे माल जुना नव्हता. पण कोको बटर शेजारचा वास ओढून घेतं, हे मला माहीत होतं. संशय थेट माझ्या मदतनीस बाईंवर गेला. खोली गार, तिथंच जेवत असणार. "नाही ताई, मी बाहेर पायरीवर जेवते," त्या म्हणाल्या. मला पटलं नाही. रोज दुपारी मी त्यांचा जेवणाचा डबा उघडायला लावून हुंगू लागले. पंधरा दिवसांनी घरमालकीण आजी सहज डोकावल्या. "गार हाय ना खोली? तुमी यायच्या आदी आमचा कांदा हितंच असायचा." मी फळीवरची बरणी पाहिली. झाकण मीच अर्धवट लावलं होतं. बाहेर बाई उन्हात जेवायला बसत होत्या. "आत या, गारव्याला बसा," मी म्हटलं. त्यांनी वर न बघता डबा उघडला आणि सवयीनं माझ्या नाकापुढे धरला.