मान न वळवता

वंदनाताईंना फोन आला की त्या खुर्ची गर्रकन फिरवून स्क्रीनकडे पाठ करून बसायच्या. मी तेव्हा नवा होतो. असं का, विचारलं, तर म्हणाल्या, "समोर आपलं काम दिसत असलं ना, की दुसऱ्याचं ऐकू येत नाही रे."

कोलशेतला आमचं छोटंसं ऑफिस होतं. मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आम्ही टेक्स्ट एडिटर बनवायचो. मी प्रोग्रॅम लिहायचो, ताई तो तपासायच्या आणि वापरणाऱ्यांचे फोनही घ्यायच्या.

एकदा डोंबिवलीहून जोशीबाईंचा फोन आला. निवृत्त शिक्षिका, हिंदी पुस्तकाचा मराठीत अनुवाद करत होत्या. आमच्या एडिटरमध्ये मूळ मजकूर डाव्या विंडोत, अनुवाद उजवीत, हे ठरलेलं. बाईंची मान आखडलेली. सारखं इकडे-तिकडे बघणं जमेना. "अर्धं झालंय, पण आता सोडूनच देते," म्हणाल्या.

ताई तडक साहेबांच्या केबिनमध्ये. मागोमाग मी.

"विंडो शेजारी हव्यात, वर-खाली हव्यात की एकच हवी, ते वापरणाऱ्याला ठरवू द्या. एक बटण दाबलं की मांडणी बदलली पाहिजे."

"पर्याय दिले की लोक गोंधळतात, वंदना."

"गोंधळू देत की थोडे. मान दुखण्यापेक्षा बरं."

साहेबांना हसू आलं, आणि काम माझ्याकडे आलं.

मी ते करून हौसेनं दाखवलं. ताई मांडण्या बदलत राहिल्या आणि मध्येच थांबल्या. एकच विंडो ठेवली की झाकलेल्या विंडोतला सेव्ह न केलेला मजकूर अधूनमधून नाहीसा होत होता. साहेबांना तर दुसऱ्याच दिवशी नवी आवृत्ती द्यायची होती.

"क्वचितच होतंय ना? मागाहून दुरुस्त करू."

"ज्याचं पान जाईल त्याला क्वचित सांगून काय उपयोग, साहेब? मी पास करणार नाही."

हे सगळ्यांसमोर झालं. तारीख पुढे गेली, चूक कुठे होती तेही सापडलं आणि ती दुरुस्त झाली. पण महिनाअखेरीला ताईंचं कॉन्ट्रॅक्ट संपलं ते साहेबांनी वाढवलं नाही. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, घर बरंचसं ताईंच्याच पगारावर. मी चिडून बोलायला लागलो, तर मला अडवत म्हणाल्या, "राग मलाही आलाय. तू आधी चल, कोपरला जायचंय."

जोशीबाई डोंबिवलीला लागूनच, कोपरला राहायच्या. ताईंनी नवी आवृत्ती स्वतः बसवून दिली, बटण दाखवलं. बाईंनी ते दाबलं. दोन्ही विंडो एकाखाली एक आल्या. बाईंनी वरची ओळ वाचली, खाली मराठीत टाइप केली. मान सरळच.

"थांबा हं, चहा टाकते," म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. एक वाक्य झालं, मग दुसरं. आम्ही समोर बसलोय हेच त्या विसरल्या.

ताईंनी मला खुणेनं उठवलं. बाहेर येऊन त्यांनी दार हळूच ओढून घेतलं.

"ताई, चहा राहिला," मी म्हणालो.

"राहू दे रे. लिहायला लागल्या ना त्या."

एवढं बोलून त्या चपलेचा पट्टा लावायला वाकल्या, आणि बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही.