तिची जुनी जोडीदार

आडनाव आधी लिहायची सवय आम्हा दोघींची सारखी निघाली, आणि मैत्रीला तेवढं निमित्त पुरलं. इंग्लंडमध्ये, आमच्या रीडिंग गावातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये दर मंगळवारी टेबल टेनिसचा क्लब भरायचा. लीगच्या पहिल्या मॅचला मी शाळेपासूनच्या सवयीने स्कोअरशीटवर आधी आडनाव लिहिलं, मग नाव. माझ्या खालच्या ओळीत नव्याने आलेल्या हंगेरियन बाईनेही तेच केलं, कारण त्यांच्याकडेही आडनावच पुढे. क्लबचे म्हातारे सेक्रेटरी तेच आमचं नाव समजून संध्याकाळभर आम्हाला आडनावाने प्रेमाने हाका मारत होते आणि आम्ही दोघी हसून हसून बेजार.

हंगेरी युरोपियन युनियनमध्ये आल्यावर ती इकडे आली होती. दिवसभर स्लाऊच्या एका वेअरहाऊसमध्ये पॅकिंग करायची. पण ही बाई विशीत असताना हंगेरीच्या महिला संघातून खेळलेली, चांगली देशोदेशी! मला हे तिसऱ्या महिन्यात कळलं. "अगं, बोलली नाहीस ते!" म्हटलं, तर म्हणे, "हो, खेळायचे." भाजी चिरता येते का असं कुणी विचारल्यावर सांगावं, तितक्या सहज. मग हळूहळू सांगायला लागली. बसने चौदा-चौदा तासांचे प्रवास, डब्यात सलामी आणि घरचा पाव, संघात निवड झाली तरच मिळणारा ट्रॅकसूट. जोड्या कोच ठरवायचे, आणि कोण कुणाबरोबर खेळणार ते मुली सकाळी बोर्डावर वाचायच्या. मी ऐकत राहायचे. हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

मी पुण्याची. विद्यापीठाकडून खेळले, राज्याच्या संघात राखीव होते. परदेश दौऱ्याच्या निवड चाचणीचं बोलावणं आलं ते नेमकं लग्नाच्या आठवड्यात. सगळे म्हणाले, आता कसली चाचणी? मीही म्हणाले, खरंच, आता कसली! पुढची वीस वर्षं ते मनात कुसळासारखं टोचत राहिलं. आयुष्यात एकदा, एकदाच, मला बाहेरच्या देशांच्या बायकांसमोर बॅट घेऊन उभं राहायचं होतं. त्यात गुडघा गेला, म्हणजे सिंगल्स संपलं. उरलं ते डबल्स, आणि डबल्सला जोडीदार लागते.

तर मिल्टन कीन्सला चाळिशीपुढच्या खेळाडूंची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरणार असं क्लबात कळलं. तीच म्हणाली, "आपण दोघी." वर्षभर आम्ही घाम गाळला. मंगळवारी क्लब, रविवारी गावातलं क्रीडा केंद्र. नवरा मुलींना फिश फिंगर्स तळून घालायचा आणि मला चिडवायचा, "काय मग, ऑलिंपिकला कधी निघणार?" डबल्सला जोडीने एकाच रंगाचे शर्ट घालावे लागतात, म्हणून मी दोन मरून शर्ट आणले, एक तिला दिला. फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "तुझा सही करून दे, दोन्ही मीच एकदम पाठवते." मी दिला. आपल्या माणसाला मध्येच "पाठवलास का गं? काय लिहिलंस?" असं विचारणं मला जमत नाही. ते अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. कर्म माझं!

स्पर्धेच्या दिवशी नवऱ्याने राउंडअबाउटवर दोनदा चुकीचा एक्झिट घेतला आणि मी त्याला झाडलं. हॉलमध्ये शिरले तर समोर ती उभी. अंगात हिरवा शर्ट. तिच्या शेजारी सोनेरी केसांची एक उंच बाई, तिच्याही अंगात तोच हिरवा शर्ट. मला कुणी काही सांगायची गरजच उरली नाही.

तरी मी डेस्कवर गेले. तिथल्या बाईने माझा फॉर्म काढून दाखवला. जोडीदाराच्या रकान्यात मी लिहिलेलं मैत्रिणीचं नाव खोडलेलं होतं आणि खालच्या चौकटीत टिक होती, "जोडीदार हवी." खाडाखोड तिच्याच पेनची. डेस्कवाली गोड हसून म्हणाली, "काळजी करू नका, तुमच्यासाठी एक छान बाई शोधलीय." मला तिथेच रडू फुटलं असतं. नाही रडले, कारण राग जास्त होता.

तिला गाठलं पाण्याच्या मशीनपाशी. ती एकटीच होती.

"हे काय आहे?"

ती खाली बघत होती. "ती माझी जुनी जोडीदार. आम्ही लहानपणापासून एकत्र खेळायचो. मोठ्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी कोचने मला विचारलं, दुसरीबरोबर खेळशील का? मी हो म्हणाले, आणि तिला सांगितलं नाही. तिने सकाळी बोर्डावर वाचलं. त्यानंतर ती कधीच खेळली नाही. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, एकदा खेळायचंय म्हणाली. माझ्याचबरोबर."

"आणि मी कोण? मी काय वर्षभर तुझी भिंत होते बॉल मारायला?"

"तुला सांगणार होते."

"कधी? फायनलनंतर?"

"मला धीर झाला नाही," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगते, मला जराही दया आली नाही.

तेवढ्यात ती उंच बाई आमच्याकडे आली. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, शब्द शोधत म्हणाली, "मला हिने सगळं सांगितलं. तुम्ही तुमची जागा मला दिलीत. स्वतःहून. एवढं कोणी कोणासाठी करत नाही."

मी माझ्या मैत्रिणीकडे पाहिलं. ती बाटलीचं झाकण फिरवत होती, वर बघेना. एका वाक्यात सगळं सांगून टाकता आलं असतं. माझं तोंड किती फटकळ आहे ते रीडिंगमधल्या अर्ध्या मराठी मंडळींना ठाऊक आहे. पण त्या बाईचे हात थंडगार पडले होते, आणि माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "नीट खेळा."

मग मी गाडीत जाऊन बसले. तिने मला नुसतं विचारलं असतं, तर मी दोन दिवस आदळआपट केली असती, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने माझं नाव खोडून दिलं असतं. माझ्याकडे देण्यासारखं एवढं एकच होतं, आणि तेही तिने न मागता माझ्या नावाने देऊन टाकलं.