दादारावांचा चढ

दादाराव सायकलवरून उतरत नसत. यात अतिशयोक्ती नाही, आणि असेल तर ती त्यांची आहे, माझी नाही. कामरगावच्या स्टँडजवळच्या टपरीपाशी मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते टपरीभोवती गोल फिरत चहा पीत होते. एका फेरीत ग्लास उचलला, पुढच्या दोन फेऱ्यांत घोट घेतले, चौथ्या फेरीत ग्लास फळीवर परत ठेवला. टपरीवाला शांतपणे भजी तळत होता. मी विचारलं, काका, उतरून का पीत नाही? ते फेरी मारून उत्तर घेऊन आले. "जमीन कुठं पळून जाऊन राह्यली का, सर?"

ते निवृत्त लाइनमन. वय बासष्ट, मिशी पांढरी, पोटऱ्या मात्र विशीतल्या. गुडघे मोकळे राहावेत म्हणून मुलानं पुण्याहून जाड टायरची, डोंगरात चालवायची एकवीस गेअरची सायकल पाठवली होती. यांनी त्यातला एक गेअर ठेवला आणि बाकीच्यांची कळ तारेनं आवळून बंद करून टाकली. वर नियम काढला, की घरून निघाल्यावर परत येईपर्यंत पाय जमिनीला लागता कामा नये. घरी आले की शांताबाई, म्हणजे त्यांची बायको, हँडल धरून उभी राहायची आणि "या कलेक्टरसाहेब" म्हणून त्यांना उतरवून घ्यायची. एकदा तर निंबाखाली भरलेल्या ग्रामसभेभोवती फेऱ्या मारत त्यांनी पाण्याच्या टाकीबद्दल तक्रार मांडली, दर फेरीला चार शब्द. सरपंचाची मान दोन दिवस धरली होती. टाकी मात्र दुरुस्त झाली.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. मला शुगर निघाली, डॉक्टरांनी सायकल चालवा म्हटलं, आणि मी मूर्खासारखी दादारावांकडे सोबत मागितली. त्यांचा फेरा ठरलेला होता. कामरगावहून धनजच्या अंगानं टेकड्यांत शिरायचं, सागाच्या जंगलातली गाडवाट, दोन नाले, मुरमाची घसरती उतरण, मग एका टेकडीवरच्या गावातून जाणारा उभा चढ आणि मागच्या बाजूनं घर. तीसेक किलोमीटर. त्या गावाचं नाव सांगत नाही, तिथं माझी चुलत सासुरवाडी आहे. मधे पाय टेकला तर फेरा बाद, आणि पुन्हा घरून सुरुवात. पहिल्याच दिवशी नवव्या किलोमीटरला शेळ्यांचा कळप आडवा आला, त्यांचा पाय टेकला, आणि हा माणूस मला घेऊन नऊ किलोमीटर मागे गेला. मला शुगर झाली होती हो, मी काही गुन्हा केला नव्हता! पण पाय टेकला की नाही हे बघायला पंच हवा, म्हणून ते मला सोडायला तयार नव्हते. विज्ञानाचा माणूस खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत होतं.

दमले की ते सायकलवर बसल्या बसल्या सागाला मिठी मारत. "झाड म्हंजे जमीन नाई," हा पोटनियम. तशाच अवस्थेत ते भाकरी खात. एका गुराख्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, यायले घरचे लोक नाहीत काय?

एकदा उतरणीवर चाक घसरलं आणि ते सायकलीसकट तुरीच्या शेतात आडवे झाले. मी धावत गेलो तर आडवे पडूनच म्हणाले, "पाय पाहा सर. पायडलवरच हायेत." खरंच होते. मी त्यांना हात द्यायला लागलो तर ओरडले, सायकलीसकट उचला म्हणून. मला ते जमेना. शेवटी मीही बांधावर बसलो, आणि कपाळाला हात लावून विचारलं की हे सगळं कशासाठी चाललंय?

तेव्हा तुरीत पडल्या पडल्या त्यांनी सांगितलं. ते टेकडीवरचं गाव त्यांचंच. वडिलांकडे एक जुनी सायकल होती, बिनगेअरची, आणि मागच्या कॅरिअरवर हे, सहा-सात वर्षांचे. चढाच्या मध्यावर एका मोठ्या घराचा ओटा होता. बौद्धवाड्यातल्या माणसानं त्या ओट्यासमोरून सायकलवर बसून जायचं नाही, ही तिथली रीत. वडील चढाच्या पायथ्याशीच उतरत आणि सायकल ढकलत नेत. पोरानं विचारलं, बाबा, काहून उतरले? तर म्हणत, चढ लय हाये बाप्पा, सायकल निघत नाई.

"रीत होती ते मले मोठेपनी समजलं," दादाराव म्हणाले. "पन चढ खरंच तेवढा होता का, ते नाई समजलं. एकाच गेअरवर, पाय न टेकवता, माथ्यावर जाऊन पाह्याचं हाये. बाप माह्याशी खरं बोलला का खोटं, येवढंच."

त्यानंतर मी कुरकुर केली नाही. खोटं कशाला सांगू, केली, पण मनातल्या मनात.

थंडी ओसरताना एका सकाळी सगळं जुळलं. शेळ्या नाहीत, नाल्यांत पाणी नाही, उतरणीवर चाक घसरलं नाही. चढाच्या पायथ्याशी मी मुकाट्यानं उतरलो आणि सायकल ढकलत त्यांच्या मागे निघालो. ते उभं राहून पायडल मारत होते, डावीकडून उजवीकडे वळणं घेत, मान खाली घालून. ओटा आला. त्यावर एक शेळी बांधलेली होती आणि खाटेवर कुणीतरी मोबाइल बघत पडलं होतं. त्यानं मान वर केली नाही. शेळीनं केली. दादाराव सायकलवर बसून त्या ओट्यासमोरून गेले.

आता माथा वीस पावलांवर होता आणि तिथं चढ सौम्य झाला होता. मला वाटलं, झालं! मी ओरडणार होतो. तेवढ्यात ते थांबले. सावकाश ब्रेक दाबला, डावा पाय काढला आणि जमिनीवर ठेवला.

मी धापा टाकत पोचलो. ते मुळीच धापा टाकत नव्हते. पाय थरथरत नव्हते. सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "नाई निघत सर. बाप खरं बोलत होता. चढ लय हाये."

मी पंच होतो. मी माथ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते, दोघांचेही.

"हो," मी म्हणालो. "लयच आहे."

मग आम्ही दोघं सायकली ढकलत माथ्यावर गेलो.